घरच्या प्रार्थनासभेत अन्यभाषेचा विषय निघाला, तर सभा कशी सांभाळायची

ज्यांच्या घरी आठवड्याला प्रार्थनासभा भरते आणि येणारे सगळे एकाच मंडळीचे (चर्चचे) नसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एकाच मंडळीची सभा असेल तर पास्टर सांगतील तसं चालतं, प्रश्न मिटला. पण आपल्या खानदेशात सभा बहुतेक मिश्रच असते. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे, नवापूर, कुठेही जा, ख्रिस्ती घरं मोजकी आणि सगळी एकमेकांच्या नात्यात नाहीतर नोकरीच्या ओळखीत. एकाच सतरंजीवर अलायन्स मिशनच्या मंडळीचे जुने सभासद बसतात, बदली होऊन आलेलं सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) कुटुंब बसतं, रेल्वे कॉलनीतली कॅथलिक शेजारीण बसते आणि भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर (देणग्यांवर) भर देणाऱ्या, मंडळीतली तरुण पोरंही बसतात. गाणी होतात, वचन होतं, मग प्रार्थनेत एखादी बहीण अन्यभाषेत, म्हणजे पवित्र आत्मा देतो असं मानलेल्या, न शिकलेल्या भाषेत सुरू होते. अर्धी खोली आमेन म्हणते, अर्धी डोळे किलकिले करून बघते. चहा येईपर्यंत वाद पेटलेला असतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्हाला तेवढी वजावट करता येईल. मी रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. माहेर नवापूर तालुक्यातलं, सासर भुसावळचं, दोन्हीकडे मिशनच्या जुन्या मंडळ्या. धाकटे दीर लग्नानंतर पेंटेकॉस्टल झाले, सून कॅथलिक घरातली. मी स्वतः अन्यभाषेत कधी प्रार्थना केलेली नाही, पण हे दान संपलं असंही मानत नाही. देव कोणाला देतो, कोणाला देत नाही, एवढंच माझं मत. ते तुमच्या गळी उतरवायला मी बसलेले नाही. हा वाद घरच्या सभेत मिटत नाही, मिटवायला जाऊही नये. सभा मात्र नीट चालवता येते. ती कशी, हे प्रेषित पौलाने बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात लिहून ठेवलंय आणि तो अध्याय वाद घालणाऱ्या सगळ्यांनाच मान्य आहे.

सभेआधी

वाद झाल्यावर समजूत घालत बसण्यापेक्षा आधी दोन घरी जाऊन या. ज्यांच्या मंडळीत अन्यभाषा चालते त्यांच्याकडे एकदा आणि ज्यांना ती खपत नाही त्यांच्याकडे एकदा. फोनवर नको, मेसेजवर तर मुळीच नको. चहा घ्या आणि सरळ विचारा, "आमच्या घरी शुक्रवारी सगळ्या मंडळ्यांचे लोक येतात, तुम्ही आलात तर प्रार्थना कशी कराल?" माणसं आधी विचारलं की आश्चर्य वाटावं इतकी समजुतीने बोलतात. चारचौघांत टोकलं की तीच माणसं किल्ला लढवतात.

घर ज्याचं, पद्धत त्याची, हे आधीच ठरलेलं बरं. माझे दीर त्यांच्या मंडळीत जोरजोरात प्रार्थना करतात, पण आमच्याकडे आले की हळू आवाजात. मी त्यांच्याकडे गेले की तिथला आवाज मुकाट्याने सोसते. आणि दहा बाय बाराच्या खोलीत माइक लावू नका. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, पण आधीच्या वेळेतही भिंतीपलीकडे कोणाचं बाळ झोपलेलं असतं.

कोण काय मानतं, ते त्यांच्या शब्दांत

सभा चालवणाऱ्याला प्रत्येक बाजू अशी मांडता आली पाहिजे, की त्या बाजूचा माणूस म्हणेल, "हो, आमचं म्हणणं हेच." हे जमत नसेल तर त्या दिवशी विषय उघडू नका.

पेंटेकॉस्टल भावंडांचा भर बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकावर. दुसऱ्या अध्यायात पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्य आत्म्याने भरले आणि निरनिराळ्या भाषा बोलू लागले. दहाव्या अध्यायात कैसरियात कर्नेल्याच्या घरी तेच झालं. पेत्राबरोबर आलेल्या यहुदी विश्वासणाऱ्यांना परराष्ट्रीयांवर आत्मा उतरला हे कशावरून कळलं? त्यांना अन्यभाषेत बोलताना ऐकलं यावरून. एकोणिसाव्या अध्यायात इफिसला सुमारे बारा पुरुष, पुन्हा तेच. म्हणून ते म्हणतात, तारण वेगळं आणि आत्म्याचा बाप्तिस्मा वेगळा, आणि त्या बाप्तिस्म्याची पहिली दिसणारी खूण अन्यभाषा. असेम्ब्लीज ऑफ गॉडने १९१६ साली हे आपल्या विश्वासाच्या कलमांत लिहून ठेवलं. माझे दीर मला विचारतात, "वहिनी, पेत्राला जी खूण पुरली ती तुम्हाला का पुरत नाही?" प्रश्न वजनदार आहे, हसून टाळण्यासारखा नाही. त्यांच्यातही एक गट याहून पुढे जातो आणि अन्यभाषेशिवाय तारणच पूर्ण नाही म्हणतो, पण बाकीच्या पेंटेकॉस्टलांना ते मान्य नाही. सभेत दोघांना एका माळेत ओवू नका.

दान थांबलं म्हणणारे, म्हणजे ब्रदरन, बरेचसे बाप्टिस्ट आणि जुन्या वळणाची काही मंडळी, करिंथकरांच्या त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. भाषा बंद पडतील असं पौल स्वतः म्हणतो. त्यांच्या मते ही चिन्हं प्रेषितांच्या साक्षीवर शिक्का मारण्यासाठी होती. पाया एकदाच घालतात, आणि इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित नि संदेष्टे हाच पाया म्हटलाय. शास्त्र पूर्ण झालं, खुणेचं काम संपलं. पेंटेकॉस्टच्या दिवशी पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, क्रेतीय, अरब अशा लोकांना आपापली भाषा ऐकू आली, मग आज ऐकू येतं ते कोणत्या देशाचं, असा त्यांचा रोखठोक सवाल असतो. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन यानेही म्हटलं होतं की ती खूण त्या काळापुरती होती आणि निघून गेली. मात्र त्याच्या आधीचा, दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस लिहितो की मंडळीतले अनेक बंधू आत्म्याने नाना भाषा बोलतात. म्हणजे "आद्य मंडळीत असं होतं" आणि "आद्य मंडळीत हे थांबलं होतं" अशी दोन्ही वाक्यं कोणी फेकली, तर दोघांकडे पुरावा आहे एवढंच सांगा आणि पुढे चला.

मधल्या वाटेचे आम्ही. भुसावळ-चाळीसगावकडे आलेलं अलायन्स मिशन ए. बी. सिम्पसन यांचं. १९०७ च्या सुमाराला त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी पेंटेकॉस्टल वाट धरली. सिम्पसन यांनी दान नाकारलं नाही, पण प्रत्येकाला तीच खूण हवी हे शिक्षणही स्वीकारलं नाही. पुढे अलायन्सचं धोरण दोन वाक्यांत बसलं: मागे लागू नका, मनाई करू नका. नंदुरबार-नवापूरकडे आलं ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, ज्याला नंतर टीम (TEAM) नाव पडलं. नावात अलायन्स असलं तरी ही दोन मिशनं वेगळी. नवी पिढी त्यांची गल्लत करते म्हणून सांगितलं.

कॅथलिकांत १९६७ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातून करिश्माई, म्हणजे आत्म्याच्या अशा दानांवर भर देणारी, चळवळ सुरू झाली. त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात भाषांच्या दानाचा उल्लेख विशेष कृपांमध्ये येतो आणि असली दानं मंडळीच्या हितासाठी असतात असं म्हटलंय. माझ्या सुनेची आई केरळात रिट्रीटला जाऊन आली आणि तेव्हापासून जपमाळेनंतर अन्यभाषेत स्तुती करते. तिच्याच चर्चमधल्या बायकांना ते विचित्र वाटतं. तेव्हा कॅथलिक म्हणजे अमुकच मत, असं धरून चालू नका. सीएनआयवाल्यांचंही तसंच, पास्टर बदलला की सूर बदलतो.

केडगावची गोष्ट सांगा

महाराष्ट्रातल्या माणसाने हा विषय अमेरिकेपासून सुरू करू नये. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, १९०५ च्या जूनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. मुली रडून पापकबुली करत, तासन्‌तास प्रार्थना करत. १९०६ मध्ये तिथे अन्यभाषाही ऐकू आल्या. जिच्यापासून पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली असं बहुतेक जण सांगतात, ती लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरची प्रसिद्ध सभा १९०६ च्या एप्रिलमधली. म्हणजे केडगावची जागृती तिच्या आधी सुरू झालेली होती. रमाबाईंनी टीकाकारांपुढे आपल्या मुलींची बाजू घेतली. पण ज्याला भाषा आली नाही तो आत्म्याने भरलेला नाही, असं मुक्तीत शिकवलं नाही. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांची पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि १९०९ मधल्या तिथल्या पेंटेकॉस्टल जागृतीला तिचा हात लागला. केडगावचं नाव घेतलं की आपल्याकडे दोन्ही बाजू गप्प बसून ऐकतात. रमाबाई कोणालाच परक्या नाहीत.

दुसरी गोष्ट अल्फ्रेड गार यांची. अझुसाच्या सभेतून हे पाद्री कलकत्त्याला आले ते आपल्याला बंगाली मिळाली आहे अशा खात्रीने. इथे उतरल्यावर कळलं, लोकांना त्यांचं बोलणं समजत नाही. त्या काळी अनेकांना वाटे की भाषा शिकायची गरजच राहणार नाही, सरळ प्रचाराला उभं राहायचं. गार यांनी म्हणून दान टाकून दिलं नाही, ती प्रार्थनेची भाषा आहे असं ते मानू लागले, आणि आज बहुतेक पेंटेकॉस्टल तेच मानतात. ही गोष्ट टिंगल म्हणून सांगितली तर सभा बिघडते. मत कसं बदलत गेलं हे दाखवायला सांगितली तर दीरही मान डोलावतात.

सगळं आधी वाचा, मग बोला

करिंथकरांच्या पहिल्या पत्राचे बारा, तेरा, चौदा हे तिन्ही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. एकतीस, तेरा आणि चाळीस, मिळून ८४ वचनं. वाचणारे तीन वेगवेगळ्या मंडळ्यांचे असू द्या. मध्ये थांबून कोणी खुलासा करायचा नाही. तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो आणि तो मुळात याच भांडणाच्या मधोमध लिहिलाय हे विसरतो. सलग वाचलं की ते कोणाला सांगावं लागत नाही.

वाचून झालं की एकच प्रश्न टाका: कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट आणि करिंथमधली गोष्ट एकच आहे का? यरुशलेमेत अर्थ सांगणारा लागला नाही, ऐकणाऱ्याला थेट कळलं. करिंथात अर्थ सांगणाऱ्याशिवाय कोणालाच कळत नाही, आणि बोलणारा देवाशी बोलतो, माणसांशी नाही. दोन्ही एकच मानणारे आहेत, वेगळं मानणारेही आहेत. पण वादातली निम्मी वाक्यं इथेच गळून पडतात, कारण एक जण यरुशलेमेबद्दल बोलत असतो आणि दुसरा करिंथाबद्दल. आमच्या सभेत अमळनेरकडच्या एक आजी येतात. दिरांची प्रार्थना पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "माले काहीच समजनं नही, पन देवले समजनं व्हई." चौदाव्या अध्यायाचं दुसरं वचन इतक्या कमी शब्दांत मी कोणत्याही पास्टरांकडून ऐकलेलं नाही.

मार्कच्या सोळाव्या अध्यायातलं नव्या भाषांचं वचन कोणी काढलं तर त्यावर इमारत उभी करू देऊ नका. नवव्या वचनापासून पुढचा भाग सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही. हे सांगितल्यावर कोणी दुखावला तर वाद वाढवू नका, बाकीची वचनं पुरेशी आहेत.

आपल्याला अडचणीचं वचन आपणच वाचायचं

आमच्या सभेत सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो याचा. प्रत्येक बाजूने आपल्या मताला टोचणारं वचन स्वतः वाचायचं आणि त्यावर आपलं उत्तर द्यायचं. दुसऱ्याने ते तोंडावर फेकायचं नाही.

पेंटेकॉस्टल भाऊ बाराव्या अध्यायाचं तिसावं वचन वाचतील: सगळेच अन्यभाषा बोलतात काय? प्रश्न अशा ढंगात विचारलाय की उत्तर "नाही" हेच निघतं. त्यांचं म्हणणं, हे मंडळीत संदेश देण्याच्या दानाबद्दल आहे, आत्म्याने भरण्याच्या खुणेबद्दल नाही. पटो न पटो, ऐकून घ्या. दान थांबलं म्हणणाऱ्यांनी चौदाव्यातलं एकोणचाळिसावं वाचायचं, अन्यभाषा बोलायला मनाई करू नका. आणि "पूर्ण ते येईल तेव्हा अपूर्ण जाईल" या तेराव्यातल्या वचनातलं "पूर्ण" म्हणजे शास्त्र, असं म्हणत असतील तर बारावं वचनही वाचायचं, जिथे पौल समोरासमोर पाहण्याबद्दल बोलतो. शास्त्र हातात असूनही तसं पाहणं अजून झालेलं नाही. आम्ही अलायन्सवाले "मागे लागू नका" म्हणतो, पण चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल आत्मिक दानांची उत्कंठा बाळगायला सांगतो आणि पाचव्यात तुम्ही सगळे अन्यभाषा बोलावं असं मला वाटतं म्हणतो. तिथे आमची थोडी पंचाईत होते, होऊ द्यावी. ठरलेल्या उपासनाक्रमात वाढलेल्यांनी सव्विसावं घ्यावं, एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काही ना काही असतं. छापील पुस्तकातून उपासना करताना ते "काही ना काही" कुठे बसतं?

शोमरोनाचा प्रसंग, कृत्ये आठ, शेवटी ठेवा. तिथे आत्मा मिळाल्याचं शिमोन जादूगाराला दिसलं, पण भाषांचा उल्लेख नाही. काहीतरी दिसलं म्हणून पेंटेकॉस्टल खूश, भाषा लिहिलेली नाही म्हणून बाकीचे खूश.

प्रत्यक्ष प्रार्थनेची वेळ

सुरुवातीलाच, गाण्याआधी, दोन वाक्यांत सांगा. आमच्याकडे मी असं सांगते: "ज्यांना अन्यभाषेत प्रार्थना करायची आहे त्यांनी स्वतःपुरती, हळू आवाजात करावी. सगळ्यांसाठी मोठ्याने बोलायचं असेल तर अर्थ सांगणारा कोण ते आधी सांगावं." हा माझा नियम नाही. दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी नि देवाशी बोलावं, हे सत्ताविसावं आणि अठ्ठाविसावं वचन.

यावर दीर एक मुद्दा काढतात, आणि तो खरा आहे. ते म्हणतात, हा नियम संदेशासाठी आहे, सगळे मिळून देवाची स्तुती करतात तिथे तो लागत नाही. मी त्यांना तेविसावं वचन दाखवते: सगळेच अन्यभाषा बोलत असताना बाहेरचा कोणी आत आला तर तुम्हाला वेड लागलंय असं म्हणणार नाही का? त्यावर आमची तडजोड अशी की मिश्र सभेत बाहेरचा माणूस आलेलाच आहे असं धरून चालायचं. त्यांच्या हॉलमध्ये ते त्यांच्या समजुतीप्रमाणे करतात.

तरीही कोणी मोठ्याने सुरू झालं तर? भर सभेत हटकू नका. श्वास घ्यायला थांबेल तेव्हा सगळ्यांना पाठ असलेलं गीत हळूच उचला, पेटीवाल्याला आधी खूण सांगून ठेवा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, एकट्याने, घरी जाऊन.

कोणी अर्थ सांगितला तर तो लिहून घ्या आणि जागच्या जागी बाकीच्यांना तपासू द्या. संदेशाची पारख इतरांनी करावी हे एकोणतिसावं वचन. स्तुती, धीर, पश्चात्ताप इथवर ठीक. अमक्याशी लग्न कर, शेत वीक, गोळ्या बंद कर, एवढी रक्कम दे, असा "अर्थ" निघाला की सभा चालवणाऱ्याने तिथेच थांबवायचं. इथे मी कोणाचं मन राखत नाही.

शेजारी विचारतात तेव्हा

खानदेशात हा प्रश्न येणारच. श्रावणात कानबाई देवी बसते, कुठे कुठे अंगात येतं, लोकांनी ते लहानपणापासून पाहिलेलं असतं. तुमच्या खिडकीतून आवाज गेला की शेजारच्या वहिनी विचारतात, "तुमच्यातही अंगात येतं का हो?" रागावू नका, त्यांनी आपल्या ओळखीचं नाव दिलंय. त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवून उत्तर देणं तर अगदीच वाईट. मी सांगते की आमच्या शास्त्राप्रमाणे संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या स्वाधीन असतो, म्हणजे बोलणाऱ्याला थांबता येतं, थांबायला सांगितलंही आहे, आणि अमुक माणसालाच हे व्हावं असं काही नाही. एवढ्यावर बहुतेकींचं समाधान होतं. मग त्या लोणचं मुरलं का, अशा गोष्टींवर वळतात.

शिकलेली मुलं वेगळं विचारतात: हे मनाचं काम नाही का? त्यांना माहिती द्या. टोरांटोचे भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की असे उच्चार बोलणाऱ्याच्या ओळखीच्या ध्वनींतूनच जुळतात आणि त्यांत भाषेसारखं व्याकरण सापडत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००६ साली अँड्र्यू न्यूबर्ग यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. भजन गाताना आणि अन्यभाषेत बोलताना तुलना केली, तर अन्यभाषेच्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल कमी दिसली. स्वतःवर ताबा ठेवणारा तो भाग. पाच जणींवरून फार मोठं काही ठरत नाही. शिवाय मेंदूत काय होतं हे कळलं तरी ते कोणी केलं हे यंत्र सांगत नाही. "माझा आत्मा प्रार्थना करतो, पण बुद्धी निष्फळ राहते" असं पौलानेही लिहिलंय, तेव्हा ही बातमी कोणाच्या विश्वासाला धक्का देणारी नाही.

पोरांवर दबाव नको

सुट्टीतल्या शिबिरांत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना पुढे बोलावतात, डोक्यावर हात ठेवतात आणि "बोल, बोल, जीभ सोड" म्हणतात. हालेलुया भराभर म्हणायला लावून जीभ अडखळली की "मिळालं" म्हणून टाळ्या. समजदार पेंटेकॉस्टल पास्टरही याच्या विरोधात आहेत, माझ्या दिरांचे पास्टर तर भर सभेत बोलले. ज्या पोराला काही होत नाही ते रात्रभर विचार करतं की आपल्यात कोणतं पाप राहिलंय. अशा पोराला जवळ बसवून सांगा की प्यू या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या २००६ च्या दहा देशांतल्या पाहणीत सहा देशांमध्ये पेंटेकॉस्टल म्हणवणाऱ्यांपैकीच चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी आपण कधीच अन्यभाषेत प्रार्थना करत नाही असं सांगितलं. उलट बाजूही सांभाळा. एखादी मुलगी मनापासून अशी प्रार्थना करत असेल आणि घरचे तिला "नाटक" म्हणत असतील, तर तेही तितकंच चूक.

नर्स म्हणून थोडं. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद खोली, उपास, तासभर उभं राहून मोठ्याने प्रार्थना, आणि माणूस कोसळला की सगळे म्हणतात आत्म्याने पाडलं. आधी नाडी बघा, पाणी द्या, मधुमेह आहे का विचारा, शुद्धीवर असेल तर साखर द्या, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखान्यात न्या. रात्र-रात्र झोप नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळणं चाललंय, आपल्याला खास आज्ञा येतात म्हणतो, असं दिसलं तर मानसोपचार डॉक्टरकडे न्या. तिथे नेल्याने कोणाचं दान हिरावलं जात नाही. आणि मिरगीच्या, मनाच्या गोळ्या प्रार्थनेच्या भरात कोणी बंद करू नयेत, मग संदेश कोणाच्याही तोंडून येवो.

मोबाइल

सभा सुरू होताना सगळे फोन पिशवीत. प्रार्थना करणाऱ्या माणसाचे डोळे मिटलेले असतात, त्याची संमती घेता येत नाही. कोणी चोरून व्हिडिओ काढला असेल तर तिथेच पुसायला लावा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि पुसलेल्या फाइलींची टोपलीही रिकामी करून घ्या. असा तुकडा गावभर फिरला की ती बहीण पुन्हा सभेला येत नाही, आणि तिच्या घरच्यांना शाळेत, बाजारात, कामावर चार तोंडांना उत्तरं द्यावी लागतात. सभेच्या ग्रुपवर फक्त वेळ, पत्ता आणि पुढच्या शुक्रवारचा उतारा टाका. अन्यभाषेवर तिथे कोणी दीड पानाचा मजकूर पुढे ढकलला, तर उत्तर लिहू नका, त्या माणसाला चहाला बोलवा.